झोंबी आले तर नागपुरात टिकायला शरीर कसं तयार करायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सव्वीस, मिहानमध्ये बसून काम, मनीष नगरला चौथ्या मजल्यावर आई-बाबा आणि आजीसोबत राहतोस, दोन वर्षांपासून जिमला जातोस. झोंबींची साथ आलीच तर सहा महिन्यांत शरीर कसं तयार करायचं, पळण्यावर भर द्यायचा की वजनं उचलण्यावर, पोटावरची चरबी घालवायची का, आणि क्रिएटिन, म्हणजे जिममधली पोरं ताकदीसाठी घेतात ती पावडर, घ्यायचं का. मी नागपुरात पोलीस भरतीच्या पोरापोरींचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणीची तयारी, घेतो. उमरेड, कुही, काटोलकडची तुझ्याच वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून तुलाही अरे-तुरे करतो, राग मानू नको.

प्रश्न मला आवडला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, २०११ च्या मे महिन्यात झोंबींचं नाव घेऊनच लोकांना आपत्तीच्या तयारीची माहिती दिली होती. झोंबींसाठी जो तयार आहे तो पूर, भूकंप आणि साथीसाठीही तयार असतो, हा त्यांचा मुद्दा होता. शरीराच्या तयारीलाही तो लागू पडतो.

आता फरक बघ. भरतीच्या ग्राउंडवर सगळं ठरलेलं असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. तारीख माहीत, अंतर माहीत, गोळ्याचं वजन माहीत. ग्राउंड मारलं की पोरगं झाडाखाली आडवं होतं आणि दोन दिवस पाय दुखले तरी काही बिघडत नाही. तुझ्या परीक्षेत अंतर ठरलेलं नाही, वजन ठरलेलं नाही, आणि आज पास झालास तरी उद्या सकाळी पुन्हा तीच परीक्षा आहे. म्हणून प्रत्येक व्यायामाला एकच कसोटी लाव: आज जेवढं केलं तेवढं उद्या उठून पुन्हा करता येईल का? येत नसेल तर ते दाखवायला ठीक, जगायला नाही.

हळू चालणाऱ्या झोंबींपासून सुरुवात करू, कारण लोक त्यांना सगळ्यात कमी लेखतात. समजा ते ताशी २ किलोमीटरने रखडत येतात. त्यांना झोप नाही, तहान नाही. २४ तासांत ४८ किलोमीटर झाले. तू ताशी ५ च्या वेगाने आठ तास चाललास तर ४० किलोमीटर झाले, आणि आठ तास चालणं ही गंमत नाही. म्हणजे दिवसाच्या शेवटी ते तुझ्या पुढे आहेत. नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. तू एका दमात तिथे पोचलास, पण टाचा सोलल्या म्हणून पुढचे तीन दिवस पाय टेकवता आले नाहीत, तर त्या एका दिवसाच्या पराक्रमाचा उपयोग काय? रोज २० ते २५ किलोमीटर, पाठीवर सामान घेऊन, आठवडाभर चालू शकणारा माणूस एका दिवसात मॅरेथॉन मारणाऱ्यापेक्षा जास्त जगेल. हे मी पूर्ण खात्रीने सांगतो.

पळणाऱ्या झोंबींचं गणित वेगळं आहे. जीव तोडून पळायला स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा लागतो आणि तो साधारण १० सेकंदांत संपत येतो. तो अर्धा भरायला अर्धं मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून तुझं पळणं हे पुढच्या दारापर्यंत, भिंतीपर्यंत, जिन्यापर्यंतचंच असणार. सपाट मैदानावर थंड पायांनी एकदम जोर लावला तर मांडीची मागची शीर धरते. माझ्याकडे नवीन पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. त्यासाठी सेमिनरी हिल्सचा चढ चांगला. चढावर वेग आपोआप आवरला जातो, मागच्या स्नायूवर ताण कमी येतो आणि फुप्फुसांना काम पूर्ण मिळतं. आधी पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम कर, मग दहा सेकंद चढावर जोरात, चालत खाली, असं सहा ते आठ वेळा. आठवड्यातून एकदा बस.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. पळून दाराआड लपलास, पण धापा बाहेर ऐकू जात असतील तर पळाल्याचा फायदा शून्य. दम किती लवकर शांत होतो हे पळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जोरात पळून थांबलास की लगेच मनगटावर बोटं ठेव, ठोके मोज, एका मिनिटाने पुन्हा मोज. हा फरक महिन्यागणिक वाढला पाहिजे. नाकाने श्वास घ्यायचा, सोडताना दुप्पट वेळ लावायचा, तोंड बंद. पण हे श्वासाच्या युक्तीने थोडंच सुधारतं. खरी सुधारणा होते ती लांब, संथ पळण्याने आणि चालण्याने, जिथे पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतं. बहुतेक पोरांना हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि ते रोज अर्धवट जोराने पळतात. मग ना दम वाढतो, ना वेग.

चपळाईसाठी मात्र माझं स्पष्ट मत आहे: कबड्डी खेळ. चढाई करणाऱ्याकडे बघ. समोर सात जण, सगळ्यांचे हात त्याच्याकडे, वेळ ३० सेकंद, तोंडाने कबड्डी-कबड्डी चालू, आणि स्पर्श करून परत आपल्या हद्दीत यायचं. एकाने घोटा धरला की बाकीचे अंगावर पडतात. झोंबींच्या गर्दीतून निसटायचा याहून जवळचा सराव मला माहीत नाही. कंबर खाली ठेवणं, वजन पंजांवर ठेवणं, कोपऱ्यातल्या माणसावरही नजर ठेवणं, पकडलं गेल्यावर जमिनीवर पडूनही हातभर पुढे सरकणं, यातलं काहीच ट्रेडमिलवर येत नाही. विदर्भात याची परंपरा जुनी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तुझ्या वस्तीजवळ संध्याकाळी खेळणारं मंडळ शोध, पोट्टे नवीन माणसाला घेतात. दोरीचा मल्लखांब शिकायला मिळाला तर तोही सोडू नको. कंपाउंडच्या भिंतीवर चढताना पहिल्यांदा हाताची पकड सुटते, दंड नंतर थकतात.

आता ज्यासाठी हे लांबलचक उत्तर लिहायला घेतलं तिथे येतो.

२०२० च्या मे महिन्यात हैदराबादकडून येऊन जबलपूर रोडने पुढे मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाकडे पायी जाणारे मजूर नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायात रबरी चप्पल. त्यांच्यात व्यायामशाळेत गेलेला कोणी नव्हता. शेकडो किलोमीटर ते चालले, कारण वर्षानुवर्षं त्यांचं शरीर विटा, सिमेंट, पाणी वाहत होतं आणि उन्हातच वाढलं होतं. आणि तरीही त्यांचे हाल झाले ते पायांच्या फोडांनी, पाण्याने आणि उन्हाने. अन्न, पाणी, वाहन, सरकार हे सगळं असताना ही गत होती. जग खरंच बंद पडलं तर कशाची तयारी हवी, हे त्या रस्त्याने दाखवलं. त्यात झोंबी नव्हते एवढंच.

म्हणून नागपूरच्या माणसाने पहिली तयारी उन्हाची करायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं माणसांशिवाय चालत नाहीत. माणसं गेली की वीज गेली, आणि विजेबरोबर कूलर गेला. तू आज घरच्या कूलरमधून एसी गाडीत आणि तिथून एसी ऑफिसात जातोस. तुझं शरीर नागपूरचं आहे, पण नागपूरच्या उन्हाला ओळखत नाही. उन्हाची सवय ही शरीरात खरोखर घडणारी गोष्ट आहे. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उष्ण हवेत हलका घाम निघेल असं काम केलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं आणि त्याच कामाला ठोके कमी पडतात. पण तीन-चार आठवडे एसीत बसलास की यातलं बहुतेक निघून जातं. त्यामुळे ही सवय दरवर्षी मार्चमध्ये नव्याने लावायची. संध्याकाळी पाचला वीस मिनिटं चालण्यापासून सुरुवात, मग हळूहळू तासावर. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार कोणीही बाहेर व्यायाम करू नये, कितीही तयारीचा असला तरी. संकट आलं तरीही हाच नियम: पहाटे चारला निघून नऊपर्यंत चालायचं, दुपारी सावलीत झोपायचं, ऊन उतरल्यावर पुन्हा.

लू लागण्याबद्दल, म्हणजे उष्माघाताबद्दल, एक चुकीचा समज घट्ट बसला आहे: घाम थांबला, अंग कोरडं पडलं की मगच लू. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून लू लागते तेव्हा असं होऊ शकतं. पण कष्ट करताना लू लागलेला माणूस घामाने थबथबलेला असू शकतो. बघायचं ते त्याच्या डोक्याकडे. असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही, तर अंगातला ताप ४० अंशांच्या पुढे गेला असं धरून चालायचं आणि लगेच थंड करायचं: सावली, अंगभर पाणी, बर्फ असेल तर बर्फ, वारा. टाकीत किंवा टबात मानेपर्यंत बसवता आलं तर सर्वांत उत्तम. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आज हे झालं तर अंग थंड करता करताच १०८ ला फोन. खिशातला कांदा यात काही करत नाही. डोक्या-कानाला बांधलेला ओला दुपट्टा करतो.

पाण्याबरोबर मीठही लागतं. घाम गाळत तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस त्यानेही कोसळतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या सगळ्यांच्या तोंडी असलं पाहिजे. जोवर दूध मिळतं तोवर मीठ घातलेलं ताक, आणि झाडांना कैऱ्या आहेत तोवर पन्हं, दोन्ही चांगलंच.

आता पाणी येणार कुठून? शहराचं बरंचसं पाणी पेंचहून येतं आणि ते पंपांवर चालतं. तुझी लिफ्टही बंद. आपत्तीच्या छावण्यांमध्ये माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. तुम्ही चौघं, म्हणजे ६० लिटर, म्हणजे ६० किलो, विहिरीपासून घरापर्यंत आणि मग चार मजले वर. अगदी पोटमारा करून माणशी पाचवर आणलं तरी रोज २० किलो. हा तुझा खरा रोजचा व्यायाम असणार आहे, म्हणून आजपासूनच कर. दहा-दहा लिटरचे दोन कॅन भर, दोन्ही हातांत घे, खांदे मागे, मान सरळ, आणि चालत चार मजले चढ. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बोटं उघडतील. उघडू दे, कॅन खाली ठेव, पुन्हा उचल. उतरतानाही रिकाम्या हाताने उड्या मारत उतरू नको. वजन घेऊन उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच काम करतो आणि दुसऱ्या दिवशी जे पाय दुखतात ते त्यानेच. ती दुखण्याची वेळ आत्ता काढून टाकलेली बरी.

पाठीवरच्या ओझ्याचं म्हणशील तर तुझ्या वजनाच्या दहाव्या भागापासून सुरू कर. सत्तर किलोचा असशील तर सात किलो. चार महिन्यांत चौदापर्यंत जा, पण एका आठवड्यात एकतर वजन वाढव, नाहीतर अंतर. दोन्ही कधीच नाही. स्नायू महिन्या-दीड महिन्यात जोर धरतात, पण टाचेची शीर आणि नडगीचं हाड त्यांच्या मागून सावकाश येतात. दम आहे म्हणून पोरं सिमेंटच्या रोडवर अंतर वाढवत जातात आणि नडगी धरून बसतात. भरतीची तारीख जाते, वर्ष जातं. जमेल तेव्हा मातीवर चाल.

घरच्यांशिवाय हे सगळं अपुरं आहे. चौघांचा वेग म्हणजे तुझ्या आजीचा वेग. तू कितीही पळालास तरी तो बदलत नाही. तिला रोज खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला-बसायला लाव, आधी पाच वेळा, मग दहा, जवळ कोणीतरी उभं राहून. आई-बाबांना फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला सकाळी फिरायला ने आणि त्यांचं अंतर अर्ध्या तासावरून तासावर आण. त्यांच्या रोजच्या चालण्यात जो अर्धा तास वाढतो तो तुझ्या दंडात वाढलेल्या इंचापेक्षा मोठा आहे. शिवाय तुला माणूस उचलता आला पाहिजे. घरात तांदळाचा २५ किलोचा कट्टा असेल तर तो छातीशी कवटाळून उचल, खांद्यावर घे, चाल, खाली ठेव. तो लोळतो, निसटतो, माणसासारखाच धरायला अवघड असतो, आणि म्हणून बारबेलपेक्षा कामाचा. उचलणं शक्य नसेल तेव्हा जाड चादरीवर निजवून ओढत नेणं हेही घरात एकदा करून बघा.

मारामारीबद्दल फार लिहीत नाही. काठी पूर्ण जोराने वीस-तीस वेळा फिरवली की खांदे भरून येतात, आणि गर्दी वीस-तीसची नसते. मुद्गल फिरवायला शिक, खांदे आणि पकड दोन्ही बनतील. पण चावा बसला की खेळ संपला असं जिथे आहे तिथे लढणं हा शेवटचा उपाय.

सहा महिन्यांचं असं बसव. पहिले दोन महिने पाया भरण्याचे: चार दिवस चालणं आणि संथ पळणं, दोन दिवस जोर, बैठका, कॅन आणि बारला लोंबकळणं. जिममधलं डेडलिफ्ट आणि ओढण्याचे व्यायाम ठेव, बायसेप्सचे वेगळे दिवस काढून टाक. तिसऱ्या महिन्यापासून रविवारी पाठीवर वजन घेऊन लांब चालणं, आठवड्यात एक दिवस चढावर पळणं, दोन संध्याकाळी कबड्डी. एक दिवस पूर्ण आराम, आणि रोज सात-आठ तास झोप. झोप कमी करून जागरणाची सवय लावायची, असं काही पोरं करतात. त्याने काही कमावलं जात नाही, फक्त दुखापत जवळ येते. सहाव्या महिन्यात स्वतःची परीक्षा घे: शनिवारी पहाटे १२ किलो घेऊन १५ किलोमीटर, घरी येऊन पाण्याचे दोन कॅन चौथ्या मजल्यावर, आणि रविवारी पहाटे पुन्हा तेच सगळं. रविवारचा वेळ शनिवारच्या जवळपास आला तर तू तयार आहेस. छातीत दुखणं, चक्कर किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखव.

पोटावरच्या चरबीची तुला चिंता दिसते. थोडी राहू दे. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास किलोकॅलरी असतात आणि टंचाईत तीच पुरते. सिक्स पॅकवाला माणूस पहिल्या उपाशी आठवड्यातच स्नायू जाळायला लागतो.

राहिलं क्रिएटिन. ते काम करतं, वर सांगितलेला १० सेकंदांचा साठा त्यानेच थोडा वाढतो, आणि निरोगी माणसाला दिवसाला ३ ते ५ ग्रॅम चालतं. पण बंद केल्यावर चार ते सहा आठवड्यांत साठा पूर्वीच्या जागी येतो, आणि दुकानं बंद झाल्यावर डबा कुठून आणणार? सरावाला घ्यायचं तर घे, त्याच्यावर विसंबू नको. मला विचारशील तर ते पैसे आधी बुटांत घाल. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून चालणार तेच घालून बघ, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू दे, आणि पहिले दोन आठवडे ते बूट फक्त घराजवळच्या फेऱ्यांना वापर.